23व्या बारमधला उजवा पाय : एका हार्प कॉन्चेर्टोचं प्रकरण

कॉन्चेर्टोची, म्हणजे एका वाद्याने वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायच्या रचनेची, मागणी आली. ती चार ओळींत मावणारी होती. एकल हार्प आणि छोटा वाद्यवृंद, लांबी साधारण 18 मिनिटं, मुदत 10 महिने. सोबतीला लाकडी फुंकवाद्यांच्या जोड्या, दोन हॉर्न, एक तालवादक आणि तंतुवाद्यं. मी पियानोवर वाढलेला माणूस. तोवरचं माझं बहुतेक काम पियानोसाठी आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या संचासाठी. हार्पशी ओळख होती ती जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी असते तेवढीच. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या दोन जुन्या रचनांत मी तिला मोजून काही बार (मात्रांची ठरावीक घरं) दिले होते, त्यातले निम्मे ग्लिसांडोचे. म्हणजे तारांवरून बोटं सरसर ओढायची आणि गप्प बसायचं. कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून मी धरून चाललो होतो की आपल्याला हार्पसाठी लिहिता येतं.

पुढे जे झालं ते तपशिलात मांडतोय, कारण अनोळखी वाद्यासाठी लिहिताना गाडी कुठे अडते याची माझी कल्पनाच चुकीची निघाली. माझा समज होता की माहिती कमी पडते. माझ्याकडे माहिती भरपूर होती.

वहीतली हार्प

पहिल्या आठवड्यात मी एक वही भरली. मैफलीच्या हार्पला 47 तारा. पाश्चात्त्य स्वरांची नावं सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. त्यातल्या सीच्या तारा सगळ्या लाल, एफच्या सगळ्या काळ्या, म्हणजे वादकाला तारांच्या जंगलात वाट सापडते. खालच्या तारा धातूच्या, मधल्या आतड्याच्या, अगदी वरच्या बहुधा नायलॉनच्या. एका सप्तकात ताराच सात. पियानोसारख्या बारा पट्ट्या नाहीत. उरलेले स्वर काढायला पायाशी सात पेडलं, प्रत्येक स्वरनामाला एक. पेडल वर असेल तर फ्लॅट (अर्धी पायरी उतरलेला स्वर), मधल्या खाचेत नॅचरल (मूळ स्वर), खालच्या खाचेत शार्प (अर्धी पायरी चढलेला). डीचं पेडल हललं की जवळपास सगळ्या सप्तकांतले डी एकदम बदलतात. फक्त टोकाच्या दोन-तीन तारा या यंत्रणेबाहेर असतात आणि त्या आधीच हाताने लावून घ्याव्या लागतात. डाव्या पायाकडे डी, सी आणि बी. उजव्या पायाकडे ई, एफ, जी आणि ए. करंगळी वापरत नाहीत, म्हणून एका वेळी जास्तीत जास्त आठ स्वर. तारांमधलं अंतर पियानोच्या पट्ट्यांपेक्षा कमी, त्यामुळे हाताचा पसारा मात्र मोठा मिळतो. दोन खाचांची ही यंत्रणा सेबास्तियाँ एरारने 1810 मध्ये पेटंट केली आणि आजची हार्प मूळ तीच आहे.

हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मग मी वही बाजूला ठेवली, पियानोसमोर बसलो आणि तीन महिन्यांत 11 मिनिटांचं संगीत लिहिलं.

प्रत्येक स्वरसमूह मी तपासत होतो, हे खरं. आठपेक्षा जास्त स्वर नाहीत ना, हात पोचतो ना, पट्टी ओलांडली नाही ना. प्रत्येक उभा घास, म्हणजे एकदम वाजणारा स्वरसमूह, बरोबर होता. एका घासापासून पुढच्यापर्यंत जायला काय लागतं, हे मात्र एकदाही बघितलं नाही. पियानोवर ते बघावंच लागत नाही. काळी पट्टी कुठे पळून जात नाही. हवी तेव्हा दाबा, नको तेव्हा सोडा. ही सवय इतकी खोल गेलेली असते की ती सवय आहे हेसुद्धा कळत नाही.

“आधी चालून बघते”

जिच्यासाठी लिहीत होतो ती वादिका माझ्यापेक्षा वयाने मोठी, वाद्यवृंदात बरीच वर्षं काढलेली, बोलायला कमी. 11 मिनिटांचा मसुदा मी तिच्यासमोर ठेवला. मला वाटलं आता वाजवून दाखवतील. त्यांनी पहिलं पान पाहिलं, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “थांबा, आधी चालून बघते.”

आणि खरंच चालायला लागल्या. हात जागच्या जागी, फक्त पाय. डावा, उजवा, उजवा, डावा. खोलीत स्वर एक नाही, नुसती पेडलांची खटखट. मी लिहिलेल्या संगीताचा असा आवाज असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पहिलं पान निभावलं. दुसऱ्या पानावर, 23व्या बारला, त्या थांबल्या. पुन्हा मागे गेल्या, पुन्हा थांबल्या.

“इथे मला दोन उजवे पाय लागतील हो,” म्हणाल्या.

तो बार असा होता. गती मिनिटाला 112 मात्रा, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून जरा मोठी. पहिल्या मात्रेवर सी, ई, जी, बी फ्लॅट. दुसऱ्यावर ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी. तिसऱ्यावर ए, सी शार्प, ई, जी शार्प. चौथ्यावर बी फ्लॅट, डी, एफ, ए. पियानोवर हे वाजवायला दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अडचण नाही. कानाला छान घसरत जातं. मला त्या बारचा थोडा अभिमानच होता.

आता पाय मोजा. ए आधीच फ्लॅट करून ठेवला असं धरू. पहिल्या मात्रेकडून दुसरीकडे जाताना ई नॅचरलचा फ्लॅट करायचा : उजवा पाय. दुसरीकडून तिसरीकडे जाताना सीचा शार्प : डावा पाय. ईचा पुन्हा नॅचरल, जीचा शार्प, एचा नॅचरल : तिन्ही उजव्या पायाकडे. अर्ध्या सेकंदात एका पायाने तीन पेडलं, ती तीन वेगवेगळ्या जागी, शिवाय तारा वाजत असताना.

मी विचारलं, “गती कमी केली तर?”

“केलीत तरी ऐकू येईल,” त्या म्हणाल्या आणि करून दाखवलं. जीची तार छेडली आणि ती वाजत असतानाच पेडल दाबलं. स्वर ‘ऊंय’ करून अर्धी पायरी वर चढला. मींडच ती, छोटीशी. (हे पुढे कॅडेन्झात, म्हणजे वादिका एकटीच वाजवते त्या भागात, मी मुद्दाम वापरलं. त्या क्षणी मात्र मला हसू आलं नाही.)

मग त्यांनी पेन्सिल घेतली. अर्ध्या तासात त्या बारचं जे झालं तो या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून पायरी पायरीने सांगतो.

पहिली गोष्ट, ई फ्लॅट हा स्वर ईच्याच तारेवर वाजवला पाहिजे असं काही नाही. डीची तार शार्प केली की तोच स्वर मिळतो. म्हणजे ईचं पेडल सगळा बार नॅचरलवरच राहील. दुसरी गोष्ट, ए फ्लॅट म्हणजेच जी शार्प. तो जीच्या तारेवर घेतला तर ए सुद्धा सगळा बार नॅचरल राहतो. पण मग दुसऱ्या घासातला साधा जी कुठून आणायचा? जीची तार तर शार्प होऊन बसली. इथे हार्पचा एक हट्ट लक्षात ठेवावा लागतो : बारा स्वरांपैकी नऊ स्वर दोन वेगवेगळ्या तारांवर मिळतात, पण डी, जी आणि ए हे तीन शुद्ध स्वर एकेकाच तारेवर मिळतात. त्यांना पर्याय नाही.

“जी आणखी कोण वाजवतंय?” त्यांनी विचारलं.

क्लॅरिनेट मोकळा होता. आणि मला दिसलं की जी हा स्वर पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही घासांत आहे. तो क्लॅरिनेटने दोन मात्रा लांबवून धरला तर हार्पला जी वाजवायचाच नाही. तिची जीची तार बारच्या आधीपासून शार्प करून ठेवता येते. एवढं केल्यावर उजवा पाय अख्ख्या बारभर मोकळा. डाव्या पायाला दोनच कामं उरली : दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मध्ये सीचा शार्प, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये डी शार्पचा नॅचरल. एका मात्रेला एक पेडल, तेही निवांत. पाच बदलांचे दोन झाले.

त्यांनी तो बार वाजवला. मी पियानोवर ऐकला होता त्यापेक्षा तो चांगला होता, आणि हे मला जरा लागलं. क्लॅरिनेटच्या धरलेल्या जीखाली हार्पचे घास सरकत होते आणि त्या एका न हलणाऱ्या स्वरामुळे ते सरकणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. हा सुधार मला सुचला नव्हता. तो उजव्या पायाच्या अडचणीतून आला होता.

खडूच्या सात खाचा

घरी येऊन 11 मिनिटांपैकी साडेसात मिनिटं फेकली. उरलेलं दुरुस्त होण्यासारखं होतं.

पियानो सोडता येणार नव्हता. मी त्याच्याशिवाय विचार करू शकत नाही. छोटी, हाताने खटके फिरवायची हार्प भाड्याने आणायचा विचार केला होता, पण तिच्यात पेडलं नसतात आणि माझा आजार पेडलांचाच होता. शेवटी टेबलाखाली जमिनीवर खडूने सात उभ्या खाचा काढल्या, डावीकडे तीन, उजवीकडे चार, प्रत्येकीला तीन घरं. प्रत्येक खाचेत बाटलीचं एक झाकण. नियम असा की पियानोवर कुठलाही स्वर वाजवण्याआधी त्याचं झाकण पायाच्या अंगठ्याने योग्य घरात सरकवायचं. दोन्ही हातांची कामं सुरू असताना, एका पायाने एका वेळी एक.

पहिले तीन-चार दिवस मी ओळभर संगीतही लिहू शकलो नाही. चिडचिड झाली. झाकणं टेबलाखाली हरवायची, मी वाकून शोधायचो. पण हळूहळू एक बदल झाला : मी स्वर सुचले की पेडलं शोधायचो, त्याऐवजी आधी सात झाकणांची एक मांडणी करून, तीत काय काय सापडतं हे बघायला लागलो. सात पेडलं, प्रत्येकाला तीन जागा, म्हणजे मांडण्या होतात 2187. त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींसारख्या ऐकू येतात आणि काही निरुपयोगी आहेत, पण काही अशा आहेत की पियानोसमोर बसून मला जन्मात सुचल्या नसत्या. उदाहरणार्थ डी नॅचरल, सी फ्लॅट, बी नॅचरल, ई शार्प, एफ नॅचरल, जी शार्प, ए फ्लॅट. सात तारा, पण वेगळे स्वर चारच. तीन स्वर दोन-दोन तारांवर. इथे कशीही बोटं ओढली तरी चुकीचा स्वर निघतच नाही. ज्या ग्लिसांडोला मी सजावट समजत होतो तो मुळात एका मांडणीचं उच्चारण आहे, हे इथे उमगलं.

आणि मग एका रात्री असं लक्षात आलं की हे मला लहानपणापासून माहीत आहे. सात स्वर, प्रत्येकाचं एकच रूप, मांडणी आधी ठरलेली : हा तर थाट. भातखंड्यांचे दहाही थाट हार्पवर एकेका मांडणीत बसतात. त्याहून गंमत पुढे आहे. ज्या रागात एकाच स्वराची दोन्ही रूपं येतात तिथे हार्प अडेल असं वाटतं. सी हा षड्ज धरून ललत लावून पाहिला. कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, दोन्ही मध्यम, आज सर्रास गायला जातो तसा कोमल धैवत, शुद्ध निषाद. दोन मध्यमांना दोन तारा कुठून आणायच्या? पण ललतात पंचम वर्ज्य आहे. पंचमाची तार रिकामी. तीच जी फ्लॅट केली की तीव्र मध्यम हजर. सातही तारा कामाला, एकही वाया नाही. जोग लावला : दोन गांधार, पण ऋषभ वर्ज्य, म्हणून डीची तार शार्प करून कोमल गांधार झाली. धैवतही वर्ज्य, तेव्हा एची तार शार्प करून तिला कोमल निषादाची जोडीदार केली. एकच स्वर दोन शेजारच्या तारांवर मिळाला की हार्पवर तो कुजबुजल्यासारखा, आलटून पालटून, अखंड वाजवता येतो. एकच तार भराभर छेडली तर दर वेळी बोट ठेवताना तिचा नाद मरतो. यमनकल्याण मात्र बसत नाही. आठ स्वर आणि तारा सात.

कर्नाटक पद्धतीत षट्श्रुती ऋषभ आणि साधारण गांधार ही एकाच जागेची दोन नावं आहेत. हार्पचा डी शार्प आणि ई फ्लॅट हे नेमकं तेच प्रकरण. मी शिकताना ते कागदी किचकटपणा म्हणून सोडून दिलं होतं.

कॉन्चेर्टो रागदारीतला नाही, हे सांगून टाकतो. त्यात ललत शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण दुसरा भाग अशा मांडण्यांवर उभा आहे, जिथे एक तार स्वतःचं नाव सोडून शेजारणीचं काम करते. आणि एका मांडणीतून दुसरीत जायला किती पावलं लागतात, यावर त्या भागाची वाक्यं बेतली आहेत. वर सांगितलेल्या ललताच्या मांडणीतून जोगाच्या मांडणीत जायचं तर चार पेडलं हलतात : डी आणि बी डावीकडची, जी आणि ए उजवीकडची. दोन्ही पाय एकदम चालवले की दोन हालचालींत काम होतं, फक्त डी आणि ए यांना फ्लॅटपासून शार्पपर्यंत दोन खाचा ओलांडाव्या लागतात. अशा ठिकाणी मी वाद्यवृंदाला दोन मात्रांचं वाक्य दिलं. ऐकणाऱ्याला तो प्रश्नोत्तराचा खेळ वाटतो. वादिका तेवढ्यात चालून घेते.

आधी कोण कोण अडलं

या काळात जुनी उदाहरणं चाळली. दिलासा मिळावा हाच हेतू होता, अभ्यास वगैरे नंतर.

सगळ्यात मजेशीर जोडी डब्युसी आणि राव्हेल या फ्रेंच संगीतकारांची. पॅरिसमध्ये प्लेयेल कंपनीने पेडल नसलेली, एकमेकांना छेद देणाऱ्या तारांच्या दोन रांगांची क्रोमॅटिक हार्प काढली होती. तिच्यासाठी डब्युसीने 1904 मध्ये हार्प आणि तंतुवाद्यांसाठी दोन नृत्यं लिहिली. एरार कंपनीने लगेच राव्हेलकडून पेडल हार्पसाठी रचना मागवली आणि 1905 मध्ये त्याचा ‘इंट्रोडक्शन आणि अलेग्रो’ आला. पुढे क्रोमॅटिक हार्प मागे पडली. डब्युसीची नृत्यं टिकली, पण ज्या पेडलांना टाळण्यासाठी ते वाद्य जन्मलं होतं त्याच पेडलांवर आज ती वाजवली जातात.

माझ्या प्रकरणाला जवळची उदाहरणं मात्र दुसरीच. अर्जेंटिनाचा संगीतकार हिनास्तेरा याच्याकडे एडना फिलिप्स या हार्पवादिकेने 1956 मध्ये कॉन्चेर्टो मागितला. पहिला प्रयोग झाला 1965 मध्ये, फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर, आणि तोवर त्या स्वतः वादनातून निवृत्त झाल्या होत्या. वाजवला निकानोर साबालेता या हार्पवादकाने. नऊ वर्षं! माझे तीन महिने वाया गेले त्याचं दुःख तिथेच निम्मं झालं. तो कॉन्चेर्टो ऐकला की कळतं, हार्पला गोड वाद्य समजण्याचं त्याने साफ नाकारलं आहे. तालवाद्यांच्या ताफ्यासमोर ती ठणठणीत उभी राहते.

दुसरं उदाहरण सोव्हिएत संगीतकार ग्लिएरचं. 1938 च्या त्याच्या हार्प कॉन्चेर्टोसाठी क्सेनिया एर्देली या वादिकेने इतक्या सूचना केल्या की त्याने त्यांना सहलेखक म्हणून नाव द्यायची तयारी दाखवली. त्यांनी नकार दिला. ब्राह्म्सने 1878 मध्ये व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिताना व्हायोलिनवादक योआखिमचा सल्ला घेतला आणि त्यातला बराचसा बाजूला ठेवला, ही गोष्ट संगीतकार मंडळी फार आवडीने सांगतात. पण ब्राह्म्सला व्हायोलिन परकं नव्हतं. नाही म्हणण्याचा अधिकार त्याने कमावलेला होता. 23व्या बारला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

तरी प्रश्न उरलाच : कुठवर हो म्हणायचं? मी एक पद्धत ठेवली. वादिकेची सूचना बोटांबद्दल किंवा पेडलांबद्दल असेल तर हिरवी पेन्सिल, तिथे माझं मत विचारायचंच नाही. स्वर तेच, पण कुठल्या सप्तकात किंवा कुठल्या वाद्याकडे, हे बदलत असेल तर निळी, बोलून ठरवायचं. स्वरच बदलत असेल तर लाल, आणि ती सूचना मी एक रात्र ठेवून मग पाहायची. शेवटी हिरव्याने पानं भरून गेली होती, निळ्या खुणा पस्तीस-चाळीस, लाल अकरा. अकरापैकी सात स्वीकारल्या. एक नाकारलेली अजून सलते, कारण आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं. तिथला खालचा घास फार दाट आहे आणि खालच्या तारा नाद लवकर सोडत नाहीत.

कॅडेन्झातले आठ बार जवळपास त्यांचेच आहेत. पेडलाची ती ‘ऊंय’ मी मागितली होती, पण ती कुठल्या तारेवर, किती जोरात छेडून, कधी चढवायची हे त्यांनी बसवलं. पहिल्या पानावर हार्पचा भाग त्यांच्यासह सिद्ध केला असं छापलं आहे. त्यांनी “एवढं कशाला” म्हटलं, मी छापलं.

सरावाला हार्प गायब

पेडलांच्या नादात मी दुसऱ्या संकटाकडे पाहिलंच नव्हतं. वाद्यवृंदाच्या पहिल्या सरावाला मी शेवटच्या रांगेत बसलो. दुसऱ्या भागातली एक जागा आली, वादिकेचे हात स्पष्ट हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मूकनाट्य.

तिथे मी व्हायोला आणि सेलोंना पिझिकाटो (गजाऐवजी बोटाने तार छेडणं) दिला होता. माझा हिशेब : हार्पही छेडलेली, पिझिकाटोही छेडलेला, एका घरची माणसं, जमून जाईल. तेच नडलं. छेडलेल्या आवाजात ऐकू येतो तो सुरुवातीचा टणका. मागचा नाद कानाला त्यानंतर सापडतो. त्याच पट्टीत, म्हणजे त्याच उंचीच्या स्वरांत, त्याच क्षणी आणखी दहा जणांनी टणका मारला की हार्पचा टणका त्यात विरघळतो. मोठ्या, लांब स्वरांखाली हार्प बुडेल म्हणून मी ते टाळले होते. खरं तर ते मंद असतील आणि वेगळ्या पट्टीत असतील तर त्यांच्यावर हार्पचा टणका उठून दिसतो.

मधल्या सुट्टीत पिझिकाटो काढला. सेलोंपैकी दोघांना, म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून, हार्पच्या खाली एक लांब स्वर. व्हायोलिनना वर, अगदी वर, हार्मोनिक (तारेला हलकं बोट लावून काढलेला बारीक स्वर). मधली पट्टी रिकामी, हार्पसाठी. पुन्हा वाजवलं आणि शेवटच्या रांगेत प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. स्पॅनिश संगीतकार रॉद्रिगो गिटार वाजवत नसे, तरी 1939 मध्ये गिटारसाठी लिहिलेल्या त्याच्या अरान्हुएझ कॉन्चेर्टोत तो गिटार वाजत असताना वाद्यवृंदाला एकदम क्वचितच बोलू देतो. एखादं वाद्य येतं, दोन वाक्यं बोलतं, बाजूला होतं. हे मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे गिटार ऐकली होती. बाकीचे गप्प आहेत हे ऐकलं नव्हतं.

तालवादकाचा भागही त्याच दिवशी निम्मा कापला. त्याने मान डोलावली आणि पुस्तक काढून वाचायला घेतलं.

पेडलांच्या खुणांवरून एक छोटा वाद झाला. मी हौसेने प्रत्येक बदल हार्पच्या पानावर छापला होता, जागोजागी सात दांड्यांची आकृतीही. वादिकेने त्यातल्या बहुतेक खोडून टाकल्या. पेडल नेमकं केव्हा हलवायचं हे प्रत्येकीचं वेगळं असतं, कुणी आधी हलवून ठेवतं, कुणी अगदी स्वराच्या तोंडावर. सुरुवातीची मांडणी आणि मधल्या काही टप्प्यांवरची मांडणी द्या, म्हणजे वाट चुकली तर परत येता येतं. मधलं आमचं आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. छापील प्रतीत आता तसंच आहे.

प्रयोग झाला. 18 ऐवजी साडेएकोणीस मिनिटं लागली, कॅडेन्झा लांबल्यामुळे. दोन खटके मोठे ऐकू आले, ते बहुधा मला एकट्यालाच, कारण मी पाय बघत होतो.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका वादिकेने कॉन्चेर्टो वाजवायला घेतला. ओळख नव्हती. तिने एका पानाचं छायाचित्र पाठवलं, 23व्या बारला गोल केलेला. खाली लिहिलं होतं : “सर, इथे उजवा पाय नुसता बसून आहे. पहिल्या मात्रेतला जी मी वाजवू का? तळव्याने तार दाबून लगेच शार्प करते, चढलेला ऐकू येणार नाही. क्लॅरिनेट दुसऱ्या मात्रेपासून येऊ दे.”

मी खडू शोधला, झाकणं मांडली आणि चालून बघितलं. जमत होतं. क्लॅरिनेटच्या पानावर पहिल्या मात्रेला विराम घातला आणि दुरुस्त पान पाठवून दिलं.